रॉक बँडमध्ये बासरीची जागा

प्रश्न : मी काही वर्षं शास्त्रीय पद्धतीने बासरी शिकतो आहे आणि कॉलेजच्या मित्रांच्या रॉक बँडमध्ये वाजवतो. दोन इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि मी. आमचं मुख्य गाणं ई मायनरमध्ये आहे आणि माझी बासरीही पांढरी तीनची, म्हणजे ई चीच आहे. तरी ड्रम सुरू झाले की माझा एकही सूर धड ऐकू येत नाही. गिटारवाले म्हणतात, बासरी सुरुवातीच्या आलापापुरती ठेवू, पुढे तिला रॉकमध्ये जागा नाही. हे खरं आहे का?

उत्तर : खरं नाही. पण तुमच्या मित्रांना जे ऐकू येतंय ते बरोबर आहे, म्हणून आधी त्यांची बाजू घेतो. गोल, गोड, खालच्या सप्तकातली, मींड घेत जाणारी बासरी दोन डिस्टॉर्शनवाल्या (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत केलेल्या) गिटारींसमोर टिकत नाही. माइक कितीही चढवला तरी टिकत नाही. रॉकमध्ये ज्यांनी ज्यांनी हे वाद्य टिकवलं, त्यांनी ते वाजवण्याची रीतच बदलली. फुंकेतला जो खरखरीत भाग आपले गुरुजी वर्षानुवर्षं घासून काढायला लावतात, त्याच भागावर रॉकमधली बासरी उभी आहे. (धातूच्या पाश्चात्त्य वाद्याला खाली मी फ्लूट म्हणतो आणि बांबूच्या वाद्याला बासरी.)

कारण समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचतील. फ्लूटचा सर्वांत खालचा सा, मधला सी, साधारण २६२ हर्ट्झवर असतो. तुमच्या ई च्या मोठ्या बासरीचा सा ३३० च्या आसपास आणि सगळी छिद्रं बंद केल्यावरचा पंचम २४७ च्या आसपास. या पट्टीत बासरीचा नाद जवळजवळ एकटा असतो. मूळ सुराच्या वरचे स्वरांश फार थोडे, म्हणूनच तो कानाला इतका शांत वाटतो. आता गिटारची खालची तार ८२ हर्ट्झची. तिच्यावर पॉवर कॉर्ड (सा आणि पंचम एकत्र) धरून डिस्टॉर्शन लावलं की स्वरांशांची रास २०० पासून थेट ४ हजारांपर्यंत पसरते. तुमचा एकटा सूर त्या राशीतच पडतो आणि झाकला जातो. त्यात ड्रमसेटमधली क्रॅश सिंबल नावाची मोठी झांज वाजली की फुंकेचा जो थोडा श्वास वर ऐकू येत होता तोही गेला. शिवाय तंतुवाद्याला जोर लावला की आवाज वाढतो आणि सूर जवळपास तिथेच राहतो. बासरीत जोर लावला की सूर चढतो आणि आणखी लावला की उडी मारून वरच्या सप्तकात जातो. म्हणजे जोराने वाजवून गिटारशी बरोबरी करण्याचा रस्ता आपल्याला बंदच आहे.

मग बाकीच्यांनी काय केलं? गोष्ट जॅझपासून सुरू होते. १९५० च्या दशकात सॅम मोस्ट आणि युसेफ लतीफ हे अमेरिकन वादक फ्लूट वाजवता वाजवता घशातून गुणगुणत. रोलंड कर्क या अंध वादकाने ते टोकाला नेलं. १९६४ मध्ये त्याने ‘आय टॉक विथ द स्पिरिट्स’ नावाची फक्त फ्लूटची तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यात तो फुंकताना गातो, गुरगुरतो, शब्द सोडतो. याच वाटेने पुढे गेलेला एक तरुण म्हणजे जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन. जन्म १९४७, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा, वाढला इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला. तो गिटार वाजवायचा. पण एरिक क्लॅप्टनसारखे वादक समोर असताना आपण गिटारमध्ये मागेच राहणार हे ओळखून त्याने १९६७ मध्ये आपली फेंडर स्ट्रॅटोकास्टर देऊन टाकली आणि बदल्यात एक फ्लूट आणि शुअर कंपनीचा एक माइक घेतला. पुढच्याच वर्षी बँडची पहिली तबकडी आली आणि तिच्यावर कर्कचीच एक रचना, ‘सेरेनेड टू अ कुकू’, होती.

त्या देवाणघेवाणीत फ्लूटसोबत माइकही होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या दिवसापासून तो फ्लूट माइकवरच वाजवत होता. सभागृहात मागच्या रांगेपर्यंत नाद पोचवायचा तर फुंक स्वच्छ आणि भरीव लागते. माइक ओठांपाशी असेल तर ओठ, दात, जीभ, श्वास, घसा, सगळंच वाद्य होतं. अँडरसनला शिक्षक नव्हता. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मुलगी शाळेत फ्लूट शिकू लागली तेव्हा त्याला कळलं की आपली बोटं कित्येक सुरांना चुकीची पडतात, आणि इतकं नाव झाल्यावरही त्याने बसून ती नव्याने शिकून घेतली. या माणसाबद्दल मला सर्वांत जास्त आदर कुठे वाटत असेल तर इथे.

आता ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ लावा, १९७१ च्या ‘अ‍ॅक्वालंग’ तबकडीतलं. तुमच्या गाण्यासारखंच ई मायनर. मधल्या फ्लूटच्या तुकड्यापाशी थांबून हेडफोनवर ऐका. खाली मार्टिन बारची गिटार थांबलेली नाही, ती रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, ठोकतेच आहे. तिच्यावर फ्लूट येतो तो आखूड, तुटक शब्दांसारख्या तुकड्यांत. प्रत्येक सुराच्या तोंडाशी जिभेचा फटका आहे. लांब सूर जवळपास नाहीतच, आणि जे आहेत त्यांच्या आत माणसाचा आवाज घुमतो. हा आवाज सजावटीसाठी नाही. तुम्ही ४४० चा सूर फुंकता आणि त्याच वेळी घशातून ३३० चा गाता, तेव्हा दोघांच्या घर्षणातून फरकाचा, म्हणजे ११० हर्ट्झचा, एक सूर जाणवतो आणि वर खडबडीत स्वरांशांचा थर चढतो. जे काम गिटारसाठी डिस्टॉर्शनचं पेडल करतं तेच काम इथे घसा करतो. एकटा पडणारा सूर रुंद होतो, त्याला तळ मिळतो आणि कडाही मिळतात. म्हणून तो रिफच्या वर ऐकू येतो.

हे शिकता येतं, बांबूवरही येतं. आधी मध्य सप्तकाचा सा लांब फुंका आणि तोच सूर, जमेल त्या सप्तकात, तोंड न हलवता गुणगुणा. सुरुवातीला फुंक विस्कटते, कारण घसा मिटायला बघतो. घसा जांभई देताना उघडतो तसा उघडा ठेवा. ते स्थिर झालं की घशात सा धरून ठेवायचा आणि बोटांनी वर रे, ग, प फिरायचं. तानपुऱ्यासोबत रियाज केलेल्या माणसाला हे पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षा लवकर साधतं, कारण सा मनात आधीच पक्का असतो. मग दोन्ही एकत्र फिरवा. घसा चरचरला की त्या दिवशीचा हा सराव तिथेच बंद करा, आवाज दुखावून हे करायचं नाही. दुसरं हत्यार म्हणजे ‘र्र्र’ असा जिभेचा फडफडाट फुंकेत मिसळणं. मराठी बोलणाऱ्याच्या जिभेला ते अवघड नाही. आणि तिसरं, जिभेचे फटके. शास्त्रीय आलापीत आपण बरेचदा जीभ न लावता सूर जोडत जातो. इथे ‘तु-कु-तु-कु’ हा दुहेरी फटका मेट्रोनोमवर पक्का करा. ड्रमसोबत बसायचं तर सुराला सुरुवात हवी, ती कुठे आहे हे ड्रमरला कळलं पाहिजे.

दुसरा रस्ता याच्या अगदी उलटा आहे: फ्लूट गोडच ठेवायचा, पण बाकीच्यांना बाजूला करायचं. जेनेसिस या बँडचं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ (१९७३) हा त्याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना. गाणं भरात असताना सगळं ओसरतं, पियानो उरतो, आणि त्यावर पीटर गेब्रियल फ्लूटवर एक साधी, उदास सुरावट वाजवतो. सुरावटीत अवघड काहीच नाही. काही मिनिटांनी स्टीव्ह हॅकेट तीच सुरावट इलेक्ट्रिक गिटारवर घेतो, लांबच लांब सूर धरून, पूर्ण बँड मागे घेऊन. तीच ओळ आधी फ्लूटने कानात रुजवली नसती तर गिटारचा तो भाग इतका मोठा वाटला नसता. तुमच्या गिटारवाल्यांना हे गाणं नक्की ऐकवा. बासरीला जागा दिली तर गिटारचंच वजन वाढतं, हे त्यांना माझ्या सांगण्यापेक्षा यातून लवकर पटेल.

मूडी ब्लूजच्या ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’मधला (१९६७) रे थॉमसचा फ्लूट आणि किंग क्रिमसनच्या ‘आय टॉक टू द विंड’मधला (१९६९) इयन मॅकडॉनल्डचा फ्लूट याच घरातले. त्याच्याही आधी ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’मध्ये (१९६५) बड शँकने अल्टो फ्लूट वाजवला, जो नेहमीच्या फ्लूटपेक्षा चार सूर खाली बोलतो. तो इतका खाली असूनही स्पष्ट ऐकू येतो, कारण त्याच्याभोवती डिस्टॉर्शन नाही.

कॅन्ड हीटच्या ‘गोइंग अप द कंट्री’चा (१९६८) मात्र वेगळा उल्लेख हवा. त्यातली जिम हॉर्नची फ्लूटची सुरावट ऐकून अनेकांना ती हिप्पी काळाची कल्पना वाटते. पण ती मुळात हेन्री थॉमस या टेक्ससच्या कृष्णवर्णीय गायकाने १९२८ मध्ये मुद्रित केलेल्या ‘बुल डोझ ब्लूज’मधली आहे आणि तिथे ती बांबूसारख्या पोकळ नळ्यांच्या वाद्यावर वाजते. म्हणजे ज्या ब्लूजमधून रॉक निघालं, त्या ब्लूजच्या जुन्या तबकड्यांमध्येच फुंकेचं वाद्य बसलेलं होतं. बासरी रॉकमध्ये उपरी आहे असं कुणी म्हटलं की मी हे गाणं पुढे करतो. मार्शल टकर बँडच्या ‘कान्ट यू सी’च्या (१९७३) सुरुवातीलाही फ्लूट ऐकू येतो, आणि ते तर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधलं अस्सल रॉक आहे.

१९८९ चा ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांचा प्रसंग तुम्हाला कुणीतरी चिडवायला सांगेलच. हार्ड रॉक आणि मेटलसाठी त्या वर्षी नव्याने ठेवलेला पुरस्कार मेटालिका या मेटल बँडला न मिळता जेथ्रो टलला मिळाला आणि सभागृहात नाराजी उमटली. ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ ही चांगली तबकडी आहे, पण मेटल नक्कीच नाही आणि त्या वर्षी तो मान मेटालिकाचाच होता असं मलाही वाटतं. त्यावरून फ्लूटची लायकी ठरवणं मात्र चूक आहे. पुढच्या वर्षी ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले, तिथे विषय संपतो.

आपल्या बासरीचा बीटल्सशी संबंध आला तो मुंबईत. जॉर्ज हॅरिसनने ‘द इनर लाइट’चं वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत मुद्रित केलं आणि त्यात बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. अभिमानाची गोष्ट आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. त्या मुद्रणात वाद्यं भारतीय आहेत, गिटार आणि ड्रमसेट नाही. बासरीची इथे गिटारशी गाठच पडत नाही.

आता तुमची बासरी. गाणं ई मायनर म्हणून ई ची बासरी, हा हिशेब स्वाभाविक आहे, पण तुमची निम्मी अडचण त्यातच आहे. रॉकमधली ई मायनरची बहुतेक सुरावट ई, जी, ए, बी, डी या पाच सुरांवर चालते. आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे राग धानीचे सूर. ई च्या बासरीवर यातले कोमल ग, शुद्ध म आणि कोमल नि हे तीनही सूर अर्ध्या छिद्राचे. आलापात अर्धं छिद्र हे सौंदर्य आहे, पण १४० च्या लयीत ‘तु-कु’ फटक्यांसह पाचातले तीन सूर अर्ध्या छिद्राने घ्यायचे म्हणजे ते फिके आणि बेसूर पडणारच. त्याऐवजी पांढरी एकची, म्हणजे सी ची, मध्यम बासरी घ्या. तिच्या गंधाराला षड्ज माना. ई म्हणजे तिचा ग, जी म्हणजे प, ए म्हणजे ध, बी म्हणजे नि, डी म्हणजे रे. पाचही सूर पूर्ण छिद्रांचे! ब्लूजमधला तो वाकडा बी-फ्लॅट हवा असेल तर तेवढा एकच अर्ध्या छिद्राने येतो, आणि तो थोडा घसरता यायलाच हवा असतो. शिवाय ही बासरी लहान असल्याने वरच्या पट्टीत बोलते, तिच्या मध्य आणि तार सप्तकाला गिटारच्या राशीतून वर डोकं काढता येतं.

हाच नियम बाकी गाण्यांना लावा: मायनर गाण्याचा षड्ज बासरीच्या गंधारावर आणा. ए मायनरला पांढरी चार, डी मायनरला काळी पाच. गिटारवाले तारा अर्धा सूर उतरवून वाजवत असतील तर ई चं ई-फ्लॅट होतं, तेव्हा पांढरी सात लागेल. हे त्यांना आधीच विचारून ठेवा. बँडमध्ये वाजवायचं तर चार-पाच बासऱ्यांची पिशवी हवीच. गाण्यात मध्येच पट्टी बदलत असेल तर तेवढ्या जागेसाठी हातात दुसरी बासरी तयार ठेवा. फ्लूटवाल्याला हा त्रास नसतो. पण मींड आणि गमक त्याच्याकडे आपल्याइतके नाहीत. गिटारवाला तार खेचून सूर चढवतो त्याला आपण बोट सरकवून तितकंच बोलकं उत्तर देऊ शकतो, आणि तिथे आपली बासरी फ्लूटच्या पुढे जाते.

जॅमिंगला बसाल तेव्हा मांडणीचा आग्रह धरा. दोन्ही गिटार आणि बासरी एकाच वेळी एकाच पट्टीत नकोत. बासरीच्या तुकड्यात एक गिटार थांबू दे आणि दुसरी तळहाताने तारा दाबून आखूड ठोके देऊ दे. ड्रमरला सांगा की या सोळा मात्रांत क्रॅश नको, राइडवर (ठेका धरायच्या सिंबलवर) चाल. आणखी एक गोष्ट फार कमी बँड करून बघतात: रिफच बासरीवर, गिटारच्या एक-दोन सप्तकं वर, जशीच्या तशी वाजवा. वेगळी बासरी म्हणून ती ऐकूच येत नाही, पण रिफला धार चढते. ती बंद केली की सगळे विचारतात, काय कमी झालं?

माइकचं सांगतो. साधा, गायकांचा डायनॅमिक माइक पुरेसा आहे, महागडा कंडेन्सर रॉकच्या मंचावर सगळे सिंबल गोळा करून आणतो. तो ओठांच्या अगदी समोर ठेवलात तर फुंक थेट आत जाऊन ढब-ढब होते. फुंकेच्या रेषेच्या थोडा वर, फुंकण्याच्या छिद्राकडे कलता, तीन-चार बोटांवर ठेवा. साउंडवाल्याला १५० हर्ट्झखालचं सगळं कापायला सांगा, तिथे बासरीचं काहीच नसतं, फक्त फुंक आणि मंचाची घरघर असते. कानाला टोचलं तर ३ हजारांच्या आसपास जरा उतरवा, मात्र फार नको, धार तिथेच आहे. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) कमी ठेवा. बासरी म्हटलं की साउंडवाले हमखास भरपूर रिव्हर्ब सोडतात आणि जिभेचे फटके त्यात विरघळून जातात. थोडा डिले (प्रतिध्वनी) चालेल, गाण्याच्या लयीत बसवलेला.

आणि सूर. हवा तापली की बासरी चढते, दर अंशाला साधारण तीन सेंट (अर्ध्या सुरात शंभर सेंट). संध्याकाळी २२ अंशांत सूर जुळवला आणि दिव्यांखाली ३४ झाले, तर अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक पडू शकतो. आतल्या श्वासाच्या उबेमुळे तो थोडा कमी होतो, पण ऐकू येण्याइतका राहतोच. फ्लूटवाला डोक्याचा भाग जरा बाहेर ओढतो. बांबूला ती सोय नाही, म्हणून फुंकण्याचं छिद्र ओठाने किंचित जास्त झाकून सूर उतरवायची सवय लावा आणि मंचावर जाण्याआधी बासरी फुंकून गरम करा. हे सगळं करायचं तर स्वतःचा आवाज स्वतःला स्वच्छ ऐकू आला पाहिजे. मॉनिटरमध्ये (मंचावरच्या, वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तो मागून घ्या, संकोच करू नका. ऐकू येत नाही म्हणून जोरात फुंकलं की सूर आणखी चढतो, हे चक्र मी मंचावर फार वेळा पाहिलंय.

राहता राहिला तुमच्या मित्रांचा आलापाचा प्रस्ताव. तो सरळ नाकारा. आलाप सुरुवातीला ठेवून पुढे बासरी गायब झाली की श्रोत्याला ती प्रस्तावना वाटते, आणि गाणं सुरू झाल्यावर तुम्ही मंचावर नुसते उभे. उलट मागणी अशी ठेवा: सुरुवात गिटारची, पहिलं कडवं तुमच्याविना, आणि दुसऱ्या कडव्यानंतर सोळा मात्रा बासरीच्या, गाऊन-फुंकून, सी च्या बासरीवर, एका दाबलेल्या गिटारच्या ठेक्यावर. शेवटच्या फेरीत तुम्ही गिटारसोबत रिफ धरा. बाकीच्या वेळात हात रिकामे नकोत. अँडरसन गातो, अकूस्टिक गिटार वाजवतो आणि फ्लूट जिथे हवा तिथेच उचलतो. तुम्ही मुख्य गायकाच्या मागे साथीला गा, खंजिरी घ्या, कीबोर्डवर दोन कॉर्ड धरा. पुढच्या जॅमिंगला या सोळा मात्रांचं ध्वनिमुद्रण फोनवर करा, एकदा ई च्या बासरीवर आणि एकदा सी च्या, आणि दोन्ही गिटारवाल्यांसोबत बसून ऐका.